उग्र रसाचा रसिक

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकांत एक चाचणी अशी असते की ती एकदा केलेला माणूस तिला विसरत नाही. परीक्षानळीत अ‍ॅनिलिनचे दोन थेंब घ्यायचे, त्यात थोडे क्लोरोफॉर्म आणि अल्कोहोलमध्ये विरघळवलेले पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालायचे आणि नळी बर्नरवर जरा कोमट होईपर्यंत धरायची. कार्बिलअमाइन चाचणी तिचे नाव. आमच्या कॉलेजात त्या दिवशी प्रयोगशाळेतले शिपाईकाका कुणी न सांगता सगळ्या खिडक्या सताड उघडून ठेवत. नळी तापली की जो दर्प उठतो त्याला कुजका म्हणावे, तर कुजण्यात जी ओळखीची खूण असते तीही त्यात नसते. घशाच्या मागे काहीतरी चिकटल्यासारखे होते आणि पोटातून ढवळून येते. वहीत ‘प्राथमिक अमाइन आहे’ असा निष्कर्ष लिहायचा आणि लगेच नळीत संहत हायड्रोक्लोरिक आम्ल ओतून तो वास मारून टाकायचा. तरी रात्री जेवायला बसले की हाताला तो येतच असे.

त्या वासाचा धनी आयसोसायनाइड. एक नायट्रोजन आणि एक कार्बन यांची जोडी. नायट्रोजनच्या बाजूने उरलेल्या रेणूला जोडलेली आणि कार्बनचे टोक मोकळे. पुढे बऱ्याच वर्षांनी माझ्या वाचनात आले, की हीच जोडी अंगात साठवून एक बोटभर प्राणी हिंदी आणि प्रशांत महासागरांतल्या प्रवाळखडकांवर भर दिवसा, निळेपिवळे अंग मिरवत हिंडतो. ती त्याला मिळते स्पंजाकडून, स्पंज खाऊन. तेव्हापासून हा प्राणी मनातून गेलेला नाही. आवडती कविता पुन्हा पुन्हा काढून वाचावी तसे मी त्याच्यावरचे शोधनिबंध वाचत आलो आहे. रसग्रहण हा शब्द आपण शाळेत कवितेखालच्या प्रश्नात शिकतो. या प्राण्याला तो अगदी मूळ अर्थाने लागू पडतो, आणि तो कसा हेच मला इथे सांगायचे आहे.

पण आधी स्पंजाकडे वळू, कारण मूळ रचना त्याच्याकडची आहे.

दहावीच्या पुस्तकात स्पंज रंध्रीय प्राण्यांच्या संघात भेटतो. अंगभर बारीक छिद्रे, वर एक मोठे तोंड, आत पाणी हलवणाऱ्या कॉलर पेशी. फार काळ तो वनस्पती की प्राणी हेच ठरत नव्हते. १८२५ साली एडिंबरोत रॉबर्ट ग्रँट यांनी जिवंत स्पंजाचा लहानसा तुकडा समुद्राच्या पाण्यासकट घड्याळाच्या काचेत ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, आणि वरच्या छिद्रातून पाण्याचा झोत कण उडवत बाहेर पडताना त्यांना दिसला. (तरुण डार्विन वैद्यकी शिकायला एडिंबरोला आला, तेव्हा याच ग्रँटांबरोबर तो किनाऱ्यावर जीव गोळा करत फिरत असे.) हा झोत म्हणजेच स्पंजाचे सारे जगणे. स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी तो दिवसाकाठी गाळतो आणि त्यातले जिवाणू खातो. याखेरीज त्याच्या हाती काही नाही. पाय नाहीत, स्नायू नाहीत, मज्जातंतू नाहीत, शिंपला नाही. पिल्लू असताना एकदा खडकावर बसला की तिथेच त्याचा जन्म जातो, आणि खडक असतो भुकेल्या माशांच्या वाटेवर. इतके मऊ, इतके उघडे अंग घेऊन तो तिथे टिकतो तरी कसा?

त्याच्या अंगात सिलिकाच्या सुया असतात, कंटिका. आपल्याला सहज वाटते की माशाच्या तोंडात त्याच टोचत असतील. ही समजूत खरी की खोटी हे कॅरिबियन समुद्रात जोसेफ पॉलिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फार साध्या रीतीने तपासले. स्क्विडच्या मांसाची पूड घ्यायची, ती समुद्रशेवाळातून मिळणाऱ्या अल्जिनेटने घट्ट करायची आणि तिच्यात स्पंजाचा अर्क मिसळायचा. तोही मनाला येईल तेवढा घालायचा नाही, स्पंजात ज्या घनफळाला जेवढा असतो तेवढाच. मग या पिठाचे छोटे तुकडे करून निळ्या डोक्याच्या रॅस माशापुढे टाकायचे. हा मासा समोर येईल ते तोंडात घालून बघणारा. अर्क नसलेला तुकडा तो गिळतो. अर्काचा तुकडा तोंडात घेतो, थुंकतो, पुन्हा घेतो, पुन्हा थुंकतो आणि निघून जातो. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात ७१ जातींचे स्पंज होते. त्यांतल्या ६९ टक्के जातींचा अर्क माशांनी नाकारला. अर्काऐवजी कंटिका मिसळल्या तेव्हा मात्र ते तुकडे मासे खुशाल खाऊन गेले.

या प्रयोगातले माशाचे ते थुंकणे मला फार महत्त्वाचे वाटते. विष म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे मरण येते. पण मेलेला मासा काही शिकत नाही, आणि त्याच्या पोटात गेलेला स्पंज परत येत नाही. स्पंजाला हवे असते ते पहिल्या चाव्याआधीच, फार तर पहिल्या चाव्याला, मागे फिरणारे तोंड. म्हणून त्याच्या रसायनांचा पहिला गुण मारकपणा नाही, चव आहे. भरताने सांगितलेल्या आठ रसांत बीभत्सालाही मानाची जागा आहे आणि जुगुप्सा हा त्याचा स्थायीभाव. स्पंजाची सगळी प्रतिभा या एका रसात उतरली आहे असे मी म्हणतो, आणि ते पूर्ण आदराने म्हणतो.

आता तो वाचक.

फिलिडिया व्हॅरिकोसा हे तिचे नाव. शंख नसलेली समुद्री गोगलगाय. अशा गोगलगायींना न्यूडिब्रँक म्हणतात. लांबी फार तर चार-साडेचार इंच. पाठीवर लांबीच्या दिशेने निळसर राखाडी कंगोरे, त्यांच्यामधून काळे पट्टे, आणि कंगोऱ्यांवर ओळीने बसलेले फोड, प्रत्येकाच्या टोकाला हळदीचा ठिपका लावावा तसा पिवळा रंग. डोक्यावरच्या दोन शिंगांचा रंगही तोच. कातडी चिवट, चामड्यासारखी. बऱ्याच न्यूडिब्रँकांच्या पाठीवर फुलासारखे कल्ले असतात. हिचे कल्ले पाठीच्या कडेखाली लपलेले. ती लपत नाही, पळत नाही, आणि मनात आणले तरी पळू शकणार नाही इतकी संथ.

तिच्याबद्दल मला सर्वांत मोहवणारी गोष्ट म्हणजे तिला दात नाहीत. गोगलगायींना रॅड्युला असतो, दाते असलेली जीभच ती. किसणीसारखी फिरवून त्या अन्न खरवडतात. फिलिडियाच्या घराण्यात ती किसणीही नाही आणि जबडाही नाही. ती स्पंजावर जाऊन बसते, तोंडाची नळी टेकवते, पाचक रस सोडून स्पंजाचे मांस जागीच विरघळवते आणि ते ओढून घेते. म्हणजे ती स्पंज चावत नाही, त्याचा रस घेते. मराठीत रसग्रहण या शब्दाचा इतका शब्दशः धनी मला दुसरा माहीत नाही.

तिच्या अंगातल्या विषाची पहिली नोंद १९६३ सालची. आर. ई. जोहान्स यांनी हवाईत पाहिले, की ही गोगलगाय डिवचली की अंगातून चिकट स्राव सोडते, त्याला उग्र, विचित्र वास असतो आणि बंद पाण्यात तो मासे व खेकड्याच्या जातीचे प्राणी मारून टाकतो. हा स्राव काय आहे याचा छडा लावायचे काम हवाई विद्यापीठात पॉल श्वायर यांच्याकडे आले. श्वायर जर्मनीतून निघून अमेरिकेत आलेले. १९५० मध्ये ते होनोलुलूला रुजू झाले आणि समुद्री जिवांचे रसायनशास्त्र हा विषय ज्यांनी उभा केला त्या मोजक्या लोकांत त्यांचे नाव घेतले जाते. अडचण अशी, की एका गोगलगायीत तो पदार्थ असणार कितीसा! पुरेशा गोगलगायी गोळा करायच्या तर खडक ओस पडायचे.

वाट सापडली ती ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, पुपुकेआ इथे. श्वायर यांचे सहकारी जे बरेसन यांना फिलिडिया एका पांढुरक्या स्पंजावर जेवताना सापडली. त्या स्पंजाचा अर्क काढला तर त्यात तोच पदार्थ निघाला. गोगलगायीच्या पाठीवरून थेंबाथेंबाने जे मिळत होते ते आता स्पंजातून हवे तेवढे मिळू लागले. १९७५ मध्ये या रेणूची रचना प्रसिद्ध झाली. स्फटिकावर क्ष-किरण टाकून ती पक्की केली होती. रेणूला नाव मिळाले त्या किनाऱ्याचे: ९-आयसोसायनोपुपुकेआनेन. एखाद्या पदाला त्याच्या गावावरून ओळखावे तसे हे नाव आहे, आणि मला ते फार आवडते.

हा रेणू जरा जवळून पाहण्यासारखा आहे. पंधरा कार्बनांचा सांगाडा. पंधरा कार्बनांचे असे असंख्य रेणू वनस्पतींत असतात. आले, हळद, वाळा यांच्या सुगंधी तेलांतले कितीतरी घटक याच कुळातले, सेस्क्विटर्पीन. म्हणजे जातीने हा सुवासिकांचा भाऊबंद. पण इथे कार्बनांची साखळी स्वतःवर इतकी वळली आहे की तीन वलये एकमेकांत अडकून एक घट्ट, जवळजवळ गोल पिंजरा झाला आहे. पिंजऱ्याबाहेर लोंबतात ते कार्बनांचे लहानसे तुकडे, एवढेच. रेणू आटोपशीर आणि बाहेरून तेलकट असल्याने तो पाण्यात फारसा न विरघळता कातडीला, कल्ल्यांना, जिभेला धरतो. आणि या गोळीबंद सांगाड्यावर, एकाच जागी, ती जोडी: नायट्रोजन आणि मोकळा कार्बन. सोळावा कार्बन. पंधरा अणूंनी बांधलेली सगळी बैठक या सोळाव्यासाठी आहे असे वाटावे. तो मोकळा कार्बन लोखंडासारख्या धातूला घट्ट धरतो, आणि सजीवांची श्वासाशी निगडित कितीतरी प्रथिने लोखंडावरच चालतात.

१९७९ मध्ये हार्वर्डचे इ. जे. कोरी आणि त्यांचे सहकारी यांनी हा रेणू प्रयोगशाळेत बांधला, त्याच वर्षी दुसऱ्या एका गटानेही वेगळ्या मार्गाने बांधला. नामवंत रसायनतज्ज्ञांना असा रेणू हाताने घडवून पाहावासा वाटतो यातच त्याची किंमत कळते.

तो मोकळा कार्बन स्पंजाकडे कुठून येतो? याचे उत्तर ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या मेरी गार्सन यांनी दिले. १९८६ मध्ये त्यांनी स्पंजाला किरणोत्सारी कार्बन असलेले सायनाइड दिले आणि तो खुणेचा कार्बन स्पंजाने बनवलेल्या आयसोसायनाइडमध्ये जाऊन बसलेला दाखवला. सायनाइड! ज्या नावाने आपण दचकतो ते या रचनेत एका मात्रेसारखे वापरलेले आहे. पुढे १९९७ मध्ये गार्सन यांच्याच गटाने असा खुणेचा स्पंज फिलिडियाच्या जवळच्या नातलगीला, फिलिडिएला पुस्ट्युलोसाला, खाऊ घातला. खूण गोगलगायीच्या अंगातल्या रेणूंत उतरली. ती हे रेणू स्वतः बनवत नाही, जेवणातून घेते, हे आता अनुमान राहिले नाही.

मी अडखळतो ते इथे. शरीर विष घेते आणि मोडून टाकते, हा आपल्या ओळखीचा व्यवहार. यकृताचे कामच ते. आम्हीही प्रयोगशाळेत आम्ल ओतून तेच करत होतो. फिलिडिया तसे करत नाही. पचनाच्या एवढ्या रसांतून, आतड्याच्या भिंतीतून, अंगभरच्या पेशींतून पार होऊन तो रेणू तिच्या पाठीवर येतो, आणि येतो तो जसाच्या तसा, सोळावा कार्बन शाबूत. मांस पचवायचे आणि मांसातली उग्रता राखायची, हे दोन्ही एकाच तोंडाने. कवितेचा अर्थ सांगणारे पुष्कळ असतात; कविता जशीच्या तशी तोंडपाठ ठेवणारा वाचक वेगळा असतो.

स्पंज खाणारे इतरही आहेत, पण त्यांची रीत वेगळी. रँडल आणि हार्टमन यांनी १९६८ मध्ये वेस्ट इंडिजच्या २१२ जातींच्या माशांच्या पोटांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतल्या फक्त ११ जातींच्या आहारात स्पंज हा म्हणण्यासारखा भाग होता. त्यांत एंजलफिश ठळक. एंजलफिश एका स्पंजावर फार वेळ थांबत नाहीत. इथे एक लचका, तिथे एक, आणि पुढे. हॉक्सबिल कासवाचे तर जेवणच स्पंज. अ‍ॅन मेलन यांनी १९८८ मध्ये दाखवले की कॅरिबियनमधल्या या कासवांच्या पोटातल्या कोरड्या ऐवजात सुमारे ९५ टक्के स्पंज होता, काचेसारख्या सुयांसकट. ते आपली ससाण्यासारखी चोच कपारीत घालून स्पंज फोडून काढते. हे मोठे, दांडगे खाणारे. त्यांच्या पचनाचे सामर्थ्य मी नाकारत नाही, पण घेतलेल्या रसाचे ते काही करत नाहीत. तो त्यांच्यातून वाहून जातो.

रसिकतेचा आणखी वरचा दर्जा क्रोमोडोरिस या दुसऱ्या कुळात दिसतो, आणि त्यासाठी आधी लाल समुद्रातला एक स्पंज सांगायला हवा. नेगोम्बाटा मॅग्निफिका हा तांबडालाल, फांद्याफांद्यांचा स्पंज दाबला की तांबूस द्रव सोडतो आणि आसपासचे मासे पळतात. इस्रायली संशोधकांनी त्यातून लॅट्रन्क्युलिन वेगळे केले. १९८३ मध्ये त्याची करणी उलगडली. आपल्या पेशींना आकार आणि हालचाल देणारे अ‍ॅक्टिन नावाचे प्रथिन असते. सुटे मणी ओवून माळ व्हावी तसे त्याचे धागे होतात आणि गरज सरली की पुन्हा मणी सुटतात. लॅट्रन्क्युलिन सुटा मणी धरून बसते. माळ ओवली जात नाही, आणि पेशीचा सांगाडा ढासळतो. जगभरच्या पेशीशास्त्राच्या प्रयोगशाळांत आज हा पदार्थ रोजच्या वापरात आहे.

क्रोमोडोरिस गोगलगायी असे लॅट्रन्क्युलिनवाले स्पंज खातात, आणि इतर स्पंजही खातात. केरन चेनी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्यांच्या पाच जाती तपासल्या. पोटाच्या भागात तऱ्हेतऱ्हेचे पदार्थ सापडले, ज्या त्या जेवणाप्रमाणे. पण अंगाच्या झालरीच्या कडेला, जिथे विष साठवायच्या बारीक पिशव्या असतात आणि जिथे माशाचे तोंड आधी लागते, तिथे पाचही जातींत एकच पदार्थ होता: लॅट्रन्क्युलिन ए. तपासलेल्या पदार्थांत तोच सर्वांत जहाल निघाला. डबक्यातल्या कोळंब्यांना तो जितका जास्त द्यावा तितक्या त्या अन्नापासून दूर राहिल्या. इतके सारे वाचून त्यातले एकच कडवे निवडायचे, तेही सर्वांत तिखट, आणि ते शब्दशः काठावर नेऊन ठेवायचे! ज्या अ‍ॅक्टिनवर लॅट्रन्क्युलिन घाला घालते ते अ‍ॅक्टिन या गोगलगायीच्याही पेशीपेशीत असते. सापाने आपले विष स्वतः बनवून पिशवीत ठेवावे, त्यात नवल आहेच. दुसऱ्याचे विष आणून, आपल्या नाजूक अंगातून वाट काढून, नेमक्या कोनाड्यात ठेवावे, हे मला त्याहून मोठे वाटते.

मूळ कर्ता कोण, हा प्रश्न मात्र इथे सरळ राहत नाही. काही स्पंजांच्या अंगात त्यांच्या स्वतःच्या पेशींइतकीच दाटी जिवाणूंची असते. जपानजवळच्या थिओनेला स्वाइन्होई या स्पंजातली बरीच रसायने एन्टोथिओनेला नावाचे जिवाणू बनवतात हे २०१४ मध्ये योर्न पील यांच्या गटाने जनुकांवरून दाखवले. हॅलिक्लोना स्पंजात २०१९ मध्ये असेच काही सापडले: रेनिएरामायसिन हे जहाल पदार्थ बनवणारे जिवाणू स्पंजाच्या खास पेशींत कोंडून राहतात, आणि स्पंजाला धक्का लागला की तो साठा मोकळा होतो. गाथेत ‘नामा’ अशी मुद्रा असलेले अभंग नामदेवांचे की विष्णुदास नाम्याचे, हे ठरवताना अभ्यासकांची जशी ओढाताण होते तशी इथे रसायनतज्ज्ञांची होते. मुद्रा स्पंजाची, रचना कुणा दुसऱ्याची. अभंगाची गोडी त्याने कमी होत नाही.

रेनिएरामायसिनच्या कुळातला एक रेणू गोव्याशी जोडलेला आहे. जोरुन्ना फ्युनेब्रिस ही पांढऱ्या अंगावर काळे ठिपके आणि वलये असलेली गोगलगाय. केलार्ट यांनी १८५९ मध्ये श्रीलंकेतून तिचे वर्णन केले आणि तिच्या काळ्या-पांढऱ्या वेषामुळे नावात अंत्यविधीचा शब्द घातला. ती भारताच्या किनाऱ्यांवरही मिळते. निळसर स्पंज हे तिचे जेवण. तिच्या झालरीतून आणि चिकट स्रावातून जोरुमायसिन हे संयुग २००० साली प्रसिद्ध झाले, ते इटलीतल्या संशोधकांनी आणि दोना पावल इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी मिळून केलेल्या कामातून. कर्करोगाच्या पेशींवर ते अत्यंत प्रभावी ठरले, म्हणून त्याला प्रयोगशाळेत बनवण्याचे प्रयत्न नंतर कितीतरी झाले.

औषधांचा विषय असा निघालाच आहे, तर एवढेच सांगतो. फ्लोरिडाच्या स्पंजातून वेर्नर बर्गमन यांनी १९५० च्या सुमारास जे आगळे न्यूक्लिओसाइड काढले त्यांच्या धर्तीवर सायटाराबिन तयार झाले, आणि रक्ताच्या कर्करोगावर ते आजही दिले जाते, परळच्या टाटा रुग्णालयातही. जपानी स्पंजातल्या हॅलिकॉन्ड्रिनवरून एरिब्युलिन आले, २०१० पासून वापरात आहे. हे मोठे उपकार आहेत. पण स्पंजाची थोरवी पटवायला आपला उपयोग पुढे करावा लागतो, याचे मला थोडे वाईट वाटते. ज्या माशाने तो तुकडा थुंकला त्याने स्पंजाची दाद आपल्या कितीतरी आधी दिलेली आहे.

फिलिडियाची ख्याती इतकी, की तिचा वेष घेऊन वावरणारेही आहेत. पिअर्सोनोथुरिया या समुद्रकाकडीची पिल्ले हुबेहूब तिच्यासारखी दिसतात, तेच पांढुरके-निळे अंग, त्याच काळ्या रेषा, तेच पिवळे फोड. काही चपटे कृमीही तसेच. एकदा फिलिडिया तोंडात घेऊन थुंकलेला मासा यांच्याही वाटेला जात नाही.

शंख आधी गेला की विष आधी आले, यावर मायकेल गिझेलिन आणि जॉन फॉकनर यांनी १९८३ मध्ये लिहिले आहे. त्यांचे म्हणणे, रासायनिक संरक्षण आधी हाती आले, मग शंखाची गरज उरली नाही. न्यूडिब्रँकाच्या पिल्लाला आजही जन्मतः इवलासा शंख असतो. मोठे होताना तो गळून पडतो. हे वाचले तेव्हा मला त्या पिल्लाचा शंख डोळ्यांपुढे आला: पाण्यात तरंगणारा, पारदर्शक, खसखशीच्या दाण्याहूनही बारीक, आणि तो टाकून तळाशी उतरणारा उघडा जीव, ज्याला आता पहिला स्पंज शोधायचा आहे.

शेवटी स्पॅनिश डान्सर. हेक्साब्रँकस सँग्विनियस ही न्यूडिब्रँकांतली धिप्पाड, हातभर वाढणारी, लालभडक. पोहायला निघाली की झालर अशी उलगडते-मिटते की नर्तिकेच्या घेरदार घागऱ्यावरून तिला हे नाव पडले. ती हॅलिकॉन्ड्रिया स्पंज खाते. क्वाजालिन बेटांवर केलेले तिच्यावरचे काम १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि ते करणारे पुन्हा तेच पॉलिक होते, कॅरिबियनचे ते तुकडे करण्याच्या कितीतरी आधी. त्यांना दिसले की ती स्पंजातले मोठे वलयाकार रेणू घेते, त्यांत किंचित फेरफार करते, आणि पाठीच्या झालरीत तर साठवतेच, पण त्यांचा मोठा वाटा अंड्यांना देते. अशाच अंड्यांतून दोन वर्षे आधी जपानच्या इशिगाकी बेटावरच्या काबिरा उपसागरात काबिरामायड सापडले होते आणि हवाईत उलापुआलाइड. हे रेणूही अ‍ॅक्टिनच धरतात.

ती अंडी सुटी नसतात. लाल रंगाची एक लांबलचक फीत, तिच्यात लाखो अंडी, आणि ती फीत आईने खडकावर गोल गोल गुंडाळून उभी लावलेली, लांबून पाहावे तर खडकावर लाल गुलाब उमलल्यासारखा. आई निघून जाते. राखायला कुणी नसते. फीत दिवसेंदिवस लाटांत हलत राहते आणि मासे तिच्या जवळून जातात, खात नाहीत.

खातो तो एक लहानसा प्राणी, तोही न्यूडिब्रँक. फॅव्होरिनस त्याचे नाव. लांबी जेमतेम सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर, अंग काचेसारखे पारदर्शक, पाठीवर बोटांसारखे उभे फुगीर तंतू. दुसऱ्या न्यूडिब्रँकांची अंडी हेच त्याचे अन्न. तो त्या गुलाबाच्या पाकळ्यांमध्ये शिरून बसतो आणि एकेक अंडे खात राहतो. त्याच्या पचनाच्या नळ्या पाठीवरच्या त्या तंतूंत चढलेल्या असतात, आणि अंग पारदर्शक, त्यामुळे खाल्लेले सगळे बाहेरून दिसते. दोन-तीन दिवस तो त्या फितीत राहिला की पाठीवरचा एकेक तंतू स्पॅनिश डान्सरच्या अंड्यांच्या रंगाने भरत जातो, आणि गुलाबातून त्याला वेगळा ओळखणे कठीण होते.